अ‍ॅनालॉग समिंग मिक्सर: पहिल्या जोडणीपासून अंतिम प्रिंटपर्यंत

नाशिकमध्ये इंदिरानगर भागात माझा एका खोलीचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. भजनी मंडळांचे अभंग, बागलाण-मालेगावकडच्या कलाकारांची अहिराणी गाणी आणि गणेशोत्सवाच्या आधी ढोलपथकांचे काम ही इथली नेहमीची वर्दळ. चार वर्षांपूर्वी मी आठ चॅनेलचा वापरलेला समिंग मिक्सर घेतला आणि पहिले दोन महिने त्याच्याशी झगडण्यात घालवले, कारण कोणती तार कुठे जोडायची हे पुस्तिकेत लिहिलेले असले तरी कोणत्या लेव्हलने काय पाठवायचे, कशावर विश्वास ठेवायचा आणि काय आधी तपासायचे, हे सांगणारे जवळपास कोणी नव्हते. ज्यांचे मिक्सिंग आजवर पूर्णपणे संगणकात झाले आहे आणि जे आता पहिल्यांदाच असे उपकरण जोडणार आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. विशेषतः सहावी पायरी गाळून पुढे जाऊ नये.

१. हे उपकरण काय करते आणि काय करत नाही

समिंग म्हणजे बेरीज. मिक्समधले वीस-तीस ट्रॅक अखेरीस डावा आणि उजवा अशा दोनच प्रवाहांत एकत्र येतात. मोठ्या कन्सोलच्या काळात ही बेरीज कन्सोलच्या सर्किटमध्ये होत असे. मिक्सिंग संगणकात गेल्यावर ती सॉफ्टवेअरमध्ये होऊ लागली. कन्सोलचा फक्त बेरजेचा भाग रॅकमधल्या पेटीत बसवून देणारी उपकरणे साधारण २००० नंतरच्या दशकात रुजली. तुमचे ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये आठ किंवा सोळा गटांत बांधले जातात, डीए कन्व्हर्टरमधून (डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागातून) वेगवेगळ्या आउटपुटवर बाहेर पडतात, पेटीत त्यांची स्टिरिओ बेरीज होते आणि ती एडी कन्व्हर्टरमधून (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागातून) पुन्हा संगणकात येऊन नव्या ट्रॅकवर मुद्रित होते. अशा प्रत्येक गटाला स्टेम म्हणतात आणि अखेरच्या मुद्रणाला प्रिंट.

डिजिटल बेरीज सदोष असते आणि अ‍ॅनालॉग बेरीज तो दोष काढते, हा समज मात्र आधीच सोडून द्यावा. आजची सॉफ्टवेअर ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंट गणित वापरतात आणि त्यातली चूक ऐकू येण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. अ‍ॅनालॉग पेटी उलट आवाजात भरच घालते: थोडी खरखर, एका चॅनेलचा दुसऱ्यात अगदी किंचित झिरपा आणि ट्रान्सफॉर्मर असल्यास खालच्या स्वरांना चिकटणारी हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर). पखवाजाच्या डाव्या पुडीला किंवा पुरुष आवाजाच्या खालच्या भागाला ही भर अनेकदा शोभून दिसते. कोरड्या, चिरक्या किंवा बेसूर ट्रॅकला मात्र ती वाचवू शकत नाही, म्हणून ज्याचा मिक्स संगणकातच नीट बसत नाही त्याने आधी मायक्रोफोन आणि खोलीवर खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

२. विकत घेण्यापूर्वी आपल्या इंटरफेसची आउटपुट मोजा

आठ चॅनेलच्या पेटीसाठी इंटरफेसवर (हे कन्व्हर्टर असलेल्या, संगणकाला जोडलेल्या उपकरणावर) किमान दहा स्वतंत्र लाइन आउटपुट हवीत: आठ स्टेमसाठी आणि दोन स्पीकरसाठी. ही गोष्ट खरेदीनंतर लक्षात येणारे पुष्कळ भेटतात. काही इंटरफेसमध्ये हेडफोनचे आउटपुट स्वतंत्र नसून त्याच लाइन आउटपुटच्या जोडीवर चालते; तसे असेल तर गायकाच्या कानात एकटा टाळांचा स्टेम जाण्याची वेळ येते. आउटपुट कमी पडत असतील तर अ‍ॅडॅट ऑप्टिकल केबलने आठ चॅनेलचा कन्व्हर्टर वाढवता येतो, परंतु ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला एका केबलवरून आठ चॅनेल जातात, तर ९६ किलोहर्ट्झला चारच, हे विसरू नये. दोन उपकरणे झाली की क्लॉक (सॅम्पल घेण्याचा ताल) एकाचेच ठेवावे आणि दुसरे त्याच्या मागे चालवावे. दोघेही स्वतःच्या क्लॉकवर राहिले तर मधूनमधून टिकटिक ऐकू येते आणि तिचे मूळ लवकर सापडत नाही.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन. अ‍ॅक्टिव्ह पेटीत बेरजेनंतरचा अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. डेंजरस म्युझिकची टू-बस, नीव्हची सोळा चॅनेलची ८८१६ आणि एसएसएलची सिग्मा ही या प्रकारातली परिचित नावे आहेत. पॅसिव्ह पेटीत केवळ रेझिस्टरचे जाळे असते. रोल म्युझिकची फोल्क्रॉम ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली. पॅसिव्ह पेटी स्वस्त वाटते, पण तिचा हिशेब पूर्ण करून पाहावा. समान रेझिस्टरच्या आठ चॅनेलच्या जाळ्यात एका चॅनेलचा व्होल्टेज एक-अष्टमांश होतो, म्हणजे सुमारे १८ डीबी (डेसिबल) खाली जातो. सोळा चॅनेलला २४ डीबी, आणि पुढच्या भारामुळे त्याहूनही अधिक. ही घट भरून काढण्यासाठी दोन चॅनेलचा उत्तम, एकसारखा मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्प लागतो, आणि पेटीचा म्हणून जो आवाज ऐकू येतो तो बराचसा त्या प्रीअ‍ॅम्पचाच असतो. तो तुमच्याकडे आधीपासून असेल तरच पॅसिव्हचा विचार करावा. अशा प्रीअ‍ॅम्पला जोडताना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मायक्रोफोनला केबलमधूनच जाणारी वीज) बंद आहे ना, हे दर वेळी पाहावे.

वापरलेले किंवा परदेशातून आलेले उपकरण घेताना मागच्या पट्टीवरचा व्होल्टेजचा खटका सर्वांत आधी बघा. अमेरिकेत वापरलेली पेटी ११५ व्होल्टवर ठेवलेली असते आणि तशीच आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावली तर फ्यूज उडण्यावर निभावले तर नशीब, नाहीतर पॉवर सप्लाय जातो. खटका २३० वर केल्यावर फ्यूजही बदलावा लागतो, कारण दुप्पट व्होल्टेजला साधारण निम्म्या अँपिअरचा फ्यूज लागतो. नेमका आकडा पट्टीवर छापलेला असतो.

३. जवळ असावे असे साहित्य आणि कागद

साधने मोजकीच लागतात: एसी व्होल्ट आणि कंटिन्युइटी (तार टोकापासून टोकापर्यंत जोडलेली आहे का ते) दाखवणारा मल्टिमीटर, संतुलित केबल (हॉट आणि कोल्ड अशा दोन तारा व त्यांभोवती शील्ड असलेल्या), सोल्डरिंग गन, कॉन्टॅक्ट क्लीनर, चॅनेलचे क्रमांक लिहायला कागदी चिकटपट्टी आणि आयुष्यभर पुरेल अशी एक वही. रॅकमधल्या रिकाम्या जागांसाठी पट्ट्या बाहेरून मागवण्याची गरज नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे काम करणारे १९ इंची पट्टी भोके पाडून आणि पावडर कोटिंग करून देतात. उंची एका युनिटला ४४.४५ मिलिमीटर सांगावी आणि प्रत्यक्ष पट्टी त्याहून किंचित कमी ठेवावी, म्हणजे शेजारच्या उपकरणाला घासत नाही.

कागदांमध्ये अनुक्रमांक असलेले मूळ बिल, पुस्तिका आणि जुन्या मालकाने काही दुरुस्ती केली असल्यास तिची पावती मागून घ्यावी. परदेशातून कुरियरने मागवत असाल तर सीमाशुल्कासाठी ओळखपत्राची पूर्तता करावी लागते; आधार किंवा पॅन यांची प्रत आणि विक्रेत्याचे खरे बिल तयार ठेवावे, आणि किमतीत शुल्क व कर धरूनच पेटी परवडते का ते ठरवावे.

४. वीज आणि अर्थिंग

समिंग पेटी जोडली की आठ नव्या केबल येतात, आणि अर्थिंगमधला आजवर झाकलेला दोष त्या उघडा पाडतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा दोष ५० आणि १०० हर्ट्झच्या घुमण्याच्या रूपाने ऐकू येतो. माझ्याकडे तो दिवसभर नसे आणि सायंकाळी सहाच्या सुमारास सुरू होई. चार दिवस केबल बदलून पाहिल्यावर लक्षात आले की इमारतीच्या पाण्याची मोटर त्या वेळी चालू होते आणि माझे स्पीकर व पेटी वेगवेगळ्या सर्किटवर आहेत. दोन्ही एका बोर्डावर आणताच आवाज गेला.

म्हणून संगणक, इंटरफेस, समिंग पेटी आणि स्पीकर यांना एकाच सर्किटवरून वीज द्यावी आणि एसी, फ्रिज यांचे सर्किट वेगळे ठेवावे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर पेटीला दोष देण्यात अर्थ नाही. नाशिकच्या बऱ्याच भागांत काळ्या मातीच्या थराखाली लगेच कातळ लागतो आणि एप्रिल-मेमध्ये वरची माती कोरडीठाक होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचा नेम ठेवावा. घूं आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि ऐकू नये, कारण उपकरणात दोष उद्भवला की त्याच पिनेवर माणसाचा जीव अवलंबून असतो. अगदी गरजच पडली तर संतुलित केबलचे शील्ड घेणाऱ्या टोकाला सोडावे आणि पाठवणाऱ्या टोकाला जोडलेले ठेवावे.

५. केबल मीटरने तपासा आणि सॉफ्टवेअरमधला मार्ग आखा

बहुतेक पेट्यांवर आठ चॅनेलसाठी एकच डीबी-२५ (२५ पिनांचा) कनेक्टर असतो. दिसायला एकसारख्या असलेल्या या केबलच्या आतली जोडणी दोन पद्धतींची असते, टॅस्कॅमची आणि यामाहाची, आणि दोन्ही केबल दोन्ही सॉकेटमध्ये आरामात बसतात. एका विक्रेत्याने मला टॅस्कॅम म्हणून दिलेली केबल यामाहा पद्धतीची निघाली. पेटीवर काही चॅनेल मुके, काही क्षीण, आणि मी मात्र पेटी उघडून बसलो होतो. आता कोणतीही नवी केबल आली की मी आधी कंटिन्युइटी पाहतो. टॅस्कॅम पद्धतीत, जी पुढे एईएस५९ या मानकात आली, पहिल्या चॅनेलची हॉट तार २४ क्रमांकाच्या पिनेवर, कोल्ड १२ वर आणि शील्ड २५ वर असते. आठव्या चॅनेलची अनुक्रमे १, १४ आणि २ वर. १३ क्रमांकाची पिन रिकामी असते. हे दोन चॅनेल जुळले की मधलेही तपासून चिकटपट्टीने दोन्ही टोकांना क्रमांक लावावेत. कनेक्टरच्या बाजूचे स्क्रू काही उपकरणांवर इंची आट्यांचे, तर काहींवर मेट्रिक असतात. दोन फेऱ्यांनंतर अडकू लागला तर जोर लावू नये, आटे जातात. शहरात एक्सएलआर आणि जॅक सहज मिळतात, डीबी-२५ चे चांगले कनेक्टर मात्र मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतो.

सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट १ आणि २ केवळ स्पीकरसाठी राखावीत आणि स्टेम ३ ते १० वर पाठवावेत. पेटीचे स्टिरिओ आउटपुट इंटरफेसच्या दोन लाइन इनपुटमध्ये घ्यावे. ही इनपुट लाइनवरच आहेत, मायक्रोफोनवर नाहीत, याची खात्री करावी. या इनपुटसाठी एक स्टिरिओ ट्रॅक उघडून त्याचे नाव ‘परतावा’ ठेवावे, त्यावर इनपुट मॉनिटरिंग चालू करावे आणि त्याचे आउटपुट फक्त १-२ कडे असावे.

इथे सर्वांत धोकादायक चूक होते. परताव्याचा ट्रॅक चुकून एखाद्या स्टेम आउटपुटवर गेला तर आवाज पेटीतून संगणकात, संगणकातून पुन्हा पेटीत असा फिरत राहतो आणि क्षणार्धात किंचाळी उठते, जिने ट्वीटर आणि कान दोन्ही जाऊ शकतात. पहिल्या दिवशी स्पीकरचा नॉब पूर्ण खाली ठेवूनच प्ले दाबावे, मीटर पाहावेत आणि मग हळूहळू वर यावे.

दुसरी चूक एवढी भीषण नाही, पण जास्त फसवी आहे. मूळ मिक्स आणि परतावा दोन्ही एकाच वेळी स्पीकरवर आले तर काही मिलिसेकंदांच्या फरकामुळे आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो, आणि नवखा माणूस त्यालाच पेटीचा गुण समजतो. इंटरफेसच्या स्वतःच्या पॅनेलवरचे डायरेक्ट मॉनिटरिंगही त्यासाठी बंद हवे. परताव्याचा ट्रॅक म्यूट केल्यावर संपूर्ण शांतता झाली, तरच मार्ग बरोबर आहे असे समजावे.

६. लेव्हल जुळवणी

या साऱ्या खटाटोपाचे फळ मिळते की नाही, ते या पायरीवर ठरते. संगणकातले मीटर डीबीएफएस (डिजिटल कमाल लेव्हल शून्य धरून मोजलेले डेसिबल) दाखवतात आणि पेटीला कळतो व्होल्ट. या दोघांमधला पूल तुमच्या कन्व्हर्टरच्या पुस्तिकेत कमाल आउटपुट लेव्हल म्हणून छापलेला असतो. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण लेव्हल +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, आणि ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट. कन्व्हर्टरचे कमाल आउटपुट +२२ डीबीयू असेल तर -१८ डीबीएफएसचा स्वर बाहेर +४ डीबीयूला येतो. कमाल +२४ असेल तर -२० चा. आणि कमाल +१६ असेल तर -१२ चा.

मी हे न पाहता, सगळीकडे -१८ च सांगितले जाते म्हणून तोच आकडा धरून चाललो. माझ्या इंटरफेसचे कमाल आउटपुट +१६ होते. एके दिवशी दुसऱ्याच कामासाठी केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावला तेव्हा १.२३ च्या जागी ०.६२ व्होल्ट दिसले, अगदी निम्मे. दोन महिने माझा प्रत्येक मिक्स पेटीत ६ डीबी खालून जात होता. ट्रान्सफॉर्मरला त्याची फारशी दखलच घ्यावी लागत नव्हती, आणि परतताना ती उणीव गेनने भरून काढताना मी पेटीची खरखर तेवढीच वर आणत होतो. पेटीने काही फरक पडत नाही असे मी मित्राला ठामपणे सांगितलेही होते. मीटरच्या पडद्यावरचा तो एक आकडा पाहिल्यावर मला तो शब्द मागे घ्यावा लागला.

जुळवणी अशी करावी. पेटी आणि कन्व्हर्टर अर्धा तास चालू ठेवावेत. सॉफ्टवेअरमधल्या टोन जनरेटरने साइन स्वर वरच्या हिशेबाने ठरवलेल्या डीबीएफएसवर काढून तिसऱ्या आउटपुटवर पाठवावा, केबल पेटीतून काढून हॉट आणि कोल्ड यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा आणि १.२३ च्या आसपास येते का ते पाहावे. स्वर सहसा १ किलोहर्ट्झचा वापरतात, परंतु साध्या मल्टिमीटरची एसी मोजणी बहुधा ४०० हर्ट्झच्या आतच बिनचूक असते आणि त्यापुढे तो कमी दाखवू लागतो, म्हणून मीटर साधा असेल तर २०० हर्ट्झचा स्वर घ्यावा. आठही आउटपुट अशीच मोजून वहीत लिहावीत. ०.१ डीबीचा फरक म्हणजे सुमारे एक टक्का व्होल्टेज. जोडीतल्या डाव्या-उजव्यात ०.२ डीबीपेक्षा अधिक तफावत असेल तर ती सॉफ्टवेअरमधल्या ट्रिमने काढावी, नाहीतर मध्यभागी असलेला गायक एका बाजूला सरकतो.

त्यानंतर केबल पेटीत लावून तोच स्वर एकेका चॅनेलमधून परताव्यापर्यंत न्यावा आणि तिथे काय आकडा येतो तोही लिहावा. अनेक पेट्यांत विषम चॅनेल डावीकडे आणि सम उजवीकडे बांधलेले असतात व जोडीला मध्यावर आणण्यासाठी मोनो खटका असतो. तो दाबल्यावर लेव्हल पेटीगणिक वेगवेगळी बदलते, म्हणून खटका दाबून आणि न दाबता अशी दोनदा मोजणी करावी.

आता संगीताचा हिशेब. आठही स्टेम प्रत्येकी +४ डीबीयूला पोहोचवायचे, असा अर्थ यातून काढू नये. एकमेकांशी संबंध नसलेले, समान ताकदीचे आठ आवाज मिळवले तर बेरीज एकेकापेक्षा ९ डीबीने वाढते. म्हणजे आठ स्टेम +४ वर नेले तर बस (बेरजेचा मार्ग) +१३ ला जाईल. स्टेम त्यामानाने खाली ठेवून बेरीज +४ च्या आसपास झुलू द्यावी. चॅनेलच्या खरखरीलाही हाच नियम लागू आहे, ती आठ चॅनेलला ९ आणि सोळा चॅनेलला १२ डीबीने वाढते, म्हणून वापरात नसलेले चॅनेल बंद ठेवावेत.

नाशिक ढोलाचे काम करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. व्हीयू मीटरचा काटा सुमारे ३०० मिलिसेकंदांची सरासरी दाखवतो. ढोलाच्या टिपरूचा घाव त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. काटा आरामात -५ वर डुलत असताना प्रत्यक्ष शिखर त्याच्या पंधरा-अठरा डीबी वर असू शकते. ज्याच्या कन्व्हर्टरचे कमाल आउटपुट +१६ आहे, त्याच्याकडे +४ च्या वर बारा डीबीच जागा शिल्लक असते आणि ढोल ती सहज ओलांडतो. तेव्हा ढोलाचा स्टेम पीक मीटर पाहूनच लावावा, शिखर -३ डीबीएफएसच्या वर जाऊ देऊ नये, आणि ताकद कमी वाटली तर ती बेरजेनंतर भरून काढावी.

७. स्टेमची वाटणी

वाटणी वाद्यांच्या नावावरून नव्हे, तर मिक्समध्ये कोणाची कोणाशी गाठ पडते यावरून करावी. सिन्नरच्या एका भजनी मंडळाच्या अभंगासाठी मी केलेली आठ चॅनेलची वाटणी उदाहरणादाखल देतो. पहिल्या जोडीवर पखवाज, मोनो खटका दाबून मध्यावर. दुसऱ्या जोडीवर टाळ आणि चिपळ्या, पूर्ण रुंदीत. तिसरीवर हार्मोनियम आणि तानपुरा. चौथीवर मुख्य गायक, मागचे टाळकरी गायक आणि रिव्हर्ब. पहिल्या प्रयत्नात मी टाळ पखवाजाबरोबर ठेवले होते, दोन्ही तालाची म्हणून. पण टाळांचा वरचा चकचकाट कमी करायला गेलो की पखवाजाची शाईही मंद होई. टाळ वेगळे काढले आणि समिंग पेटीच्या चॅनेलवर केवळ एक डीबी खाली आणले, तेवढ्याने गायकाचे शब्द मोकळे झाले. सोळा चॅनेल असतील तर मुख्य गायकाला सर्वांत आधी स्वतंत्र जोडी द्यावी.

रिव्हर्बची जागा आधीच ठरवून ठेवावी. सर्व वाद्ये एकाच रिव्हर्बला जात असतील तर त्याचा परतावा कोणत्या तरी एकाच स्टेममध्ये जाणार, आणि पुढे तो स्टेम कमी-जास्त केला की साऱ्या खोलीचा आभास बदलणार. त्याचप्रमाणे मास्टर ट्रॅकवर लावलेला कंप्रेसर किंवा लिमिटर स्टेमवर लागू होत नाही, कारण स्टेम मास्टरला वळसा घालून बाहेर पडतात. तो कंप्रेसर परताव्याच्या ट्रॅकवर हलवावा. आधीचा मिक्स त्याच कंप्रेसरच्या आधाराने बांधलेला असेल तर पेटीत पाठवल्यावर तो सैल पडल्यासारखा वाटेल, आणि त्यात पेटीचा दोष नसेल. माझ्या अनुभवाने सगळ्यात सोयीचे हेच की मिक्सची सुरुवातच परतावा ऐकत करावी; संपलेला मिक्स शेवटी पेटीतून काढणाऱ्याला निम्मे काम पुन्हा करावे लागते.

८. समान आवाजावर तुलना

किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. परतावा संगणकातल्या मिक्सपेक्षा अर्धा डीबी जरी वर असला तरी पेटीची बाजू लागते. म्हणून दोन्ही मिक्स मुद्रित करून एलयूएफएस मीटरवर (कानाला जाणवणारी सरासरी लेव्हल दाखवणाऱ्या) ०.१ च्या आत जुळवावेत, सुरुवात अचूक एकावर एक आणावी आणि कोणता वाजतो हे न बघता ऐकावे. खटका दुसऱ्याच्या हाती द्यावा. दहा वेळा ऐकून पाच-सहा वेळाच ओळखता आला तर त्या गाण्यापुरती पेटीची गरज नाही, असा निष्कर्ष मान्य करावा. माझ्याकडे अहिराणी नाचगाण्यांच्या मिक्समध्ये, जिथे बहुतेक आवाज कीबोर्डमधलेच असतात, मी पेटी वापरणे सोडले आहे. पखवाज, हार्मोनियम आणि माणसांचे आवाज असलेल्या भजनात मात्र समिंग पेटी मला दर वेळी ओळखू येते, मुख्यतः पखवाजाच्या खालच्या घुमाऱ्यावरून.

या जुळवणीच्या वेळीच ध्रुवताही तपासावी. दोन्ही प्रिंट एकत्र वाजवून एकाची फेज उलटी करावी. आवाज बराच क्षीण व्हायला हवा. तो उलट भरदार झाला तर कुठल्या तरी केबलमध्ये हॉट आणि कोल्ड यांची अदलाबदल झालेली आहे.

९. प्रिंट आणि नोंद

अ‍ॅनालॉग प्रिंट प्रत्यक्ष वेळेतच होते; सहा मिनिटांच्या अभंगाला सहा मिनिटे लागतातच. तेवढ्यात वीज गेली तर सारे पहिल्यापासून, म्हणून संगणकच नव्हे तर पेटी आणि कन्व्हर्टरही ऑनलाइन यूपीएसवर असावेत. मोबाइल खोलीबाहेर ठेवावा. मुद्रण २४ बिटमध्ये, शिखर -६ डीबीएफएसच्या आसपास ठेवून करावे, आरंभी दोन सेकंद आणि अखेरीस रिव्हर्बची शेपटी पूर्ण विरेपर्यंत मोकळी जागा सोडावी, आणि गाणे संपूर्ण ऐकावे. वाजत असताना चहा प्यायला उठू नये. मध्येच आलेली टिकटिक लाटेच्या चित्रात दिसत नाही.

त्याच बैठकीत तीन प्रिंट काढावेत: पूर्ण मिक्स, मुख्य गायकाविना आणि केवळ गायन. मंडळे दोन-चार महिन्यांनी कार्यक्रमासाठी नुसता ट्रॅक मागायला येतातच, आणि तोवर पेटीवरचे सर्व नॉब दुसऱ्या कामासाठी फिरलेले असतात. कितीही काळजीपूर्वक परत लावले तरी ते तंतोतंत पूर्वीच्या जागी येत नाहीत. प्रिंट झाल्याबरोबर, कोणताही नॉब हलवण्यापूर्वी, पेटीचा समोरून सरळ फोटो घ्यावा आणि वहीत गाण्याचे नाव, तारीख, सॅम्पल रेट, प्रत्येक जोडीवरचा स्टेम, मोनो खटक्यांची स्थिती, परताव्याचा गेन आणि एलयूएफएसचा आकडा लिहावा. पावसाळ्यात वापर कमी असला तरी आठवड्यातून दोनदा पेटी तासभर चालू ठेवावी, रॅकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दसऱ्याच्या पूजेआधी सारे कनेक्टर काढून, क्लीनरने पुसून, सहाव्या पायरीतली मोजणी पुन्हा एकदा करून आकडे मागच्या वर्षीच्या पानाशी ताडून पाहावेत.